बकऱ्याचे दात बघतो, मग गाडीचे कागद का नाही?

बकरी ईद जवळ आली की आपल्या घरातली मोठी माणसं बाजारात कशी वागतात, ते आठवून बघा. बकरा कितीही देखणा असो, अब्बा किंवा चाचा आधी त्याचं तोंड उघडून दात बघतात. चार पावलं चालवून लंगडतो का ते पाहतात, कान-शिंगं तपासतात. मग भावाची गोष्ट. विकणाऱ्याला यात अपमान वाटत नाही. उलट न तपासता पैसे काढणाऱ्याकडे तो जरा संशयानेच बघेल. आणि त्याच घरातला वीस वर्षांचा मुलगा मोबाइलवर बुलेटचा फोटो बघतो आणि आयुष्यात कधी न भेटलेल्या माणसाला पाच हजार रुपये 'टोकन' पाठवून मोकळा होतो.

मी कोल्हापुरात आमच्या भागातल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, पासपोर्टचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्यामुळे ऑनलाइन फसलेली मुलंही माझ्याकडेच येतात. जुनी गाडी, जुना मोबाइल, जुना लॅपटॉप, लग्नाच्या शूटिंगसाठी जुना कॅमेरा. वस्तू बदलतात, गोष्ट साधारण तीच असते. ही मुलं मूर्ख नसतात आणि हावरटही नसतात. बहुतेकांना कामासाठी किंवा शिक्षणासाठी ती वस्तू खरंच हवी असते आणि नवी घेण्याएवढे पैसे नसतात. त्यांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. ती माणूस ओळखायचा प्रयत्न करतात आणि व्यवहार तपासायचा विसरतात. माझं म्हणणं एवढंच आहे की समोरचा कोण आहे यावर विश्वास ठेवायची सवय सोडा आणि व्यवहार कसा होतोय ते बघायची सवय लावा.

देशभर वर्षानुवर्षं चाललेली 'फौजी'ची युक्ती घ्या. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेससारख्या ठिकाणी जुन्या गाडीची जाहिरात दिसते. किंमत बाजारभावाच्या निम्मी. विकणारा सांगतो, मी लष्करात आहे किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली, गाडी नेता येत नाही. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आरसी, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. गाडी बघायला येतो म्हटलं की ती छावणीत असते किंवा विमानतळाच्या पार्किंगमध्ये असते आणि बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. मग तो म्हणतो, लष्कराच्या पार्सल गाडीने घरपोच पाठवतो, तुम्ही फक्त वाहतुकीचे दोन-तीन हजार भरा. ते भरले की शिक्का मारलेली पावती येते. मग जीएसटी. मग विमा. मग गाडी शहराच्या नाक्यावर येऊन थांबलेली असते आणि उशिराचा दंड भरायचा असतो. प्रत्येक रक्कम 'परत मिळणारी' असते. पहिले गेलेले पैसे वाचवायला माणूस पुढचे भरत जातो. आमच्या भागातल्या एका मुलाला डिलिव्हरीचं काम लागलं होतं आणि त्यासाठी गाडी हवी होती. त्याने असे चार वेळा पैसे भरले. त्यातले दोन वेळचे उसने होते.

ही युक्ती आपल्या जिल्ह्यात चालते याला कारण आहे. इथे गावोगाव घरटी कोणीतरी सैन्यात असतो. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शेजारी बेळगावला आहे. 'फौजी' म्हटलं की आपल्या मनात आदर आधी येतो आणि शंका नंतर. चोराला नेमकं तेवढंच हवं असतं.

ते ओळखपत्र बहुतेक वेळा खऱ्या माणसाचं असतं, हे लक्षात ठेवा. चोर ते मिळवतो कसं? आधी फसलेल्या किंवा फसता फसता वाचलेल्या कोणाकडून तरी. 'विश्वासासाठी तुमचं आधार कार्ड पाठवा' असं तो तुम्हालाही सांगतो. तुम्ही पाठवलेला फोटो उद्या सोलापूरच्या किंवा नागपूरच्या एखाद्या मुलाला दाखवला जातो आणि त्याचे पैसे गेले की तो पोलिसांना तुमचं नाव सांगतो. म्हणून आलेलं कार्ड बघून भुलू नका आणि आपलं कार्ड अनोळखी माणसाला पाठवू नका.

फौजीचं जे, तेच 'आपल्या माणसा'चं. हल्ली चोर जाहिरातीवरचं तुमचं नाव वाचतो आणि पहिला मेसेज सलामने करतो. प्रोफाइलला मदिनेचा फोटो असतो. 'भाईजान, आपल्या माणसाला फसवीन का? अल्लाह गवाह आहे.' हाच माणूस पुढच्या तासाला दुसऱ्या कोणाला 'जय महाराष्ट्र' म्हणत असतो आणि त्याच्या प्रोफाइलला महाराजांचा फोटो असतो. धर्म, जात, गाव, वर्दी ही त्याच्यासाठी किल्ल्यांची जुडी आहे. तुमच्या कुलपाला जी लागेल ती तो वापरतो. 'आपल्यातल्याच माणसाकडून घ्या' हा सल्ला आपल्याकडे बरेच मोठे लोक देतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ऑनलाइन व्यवहारात हा सल्ला उलटाच पडतो, कारण 'आपल्यातला' दिसणं सगळ्यात स्वस्त आहे.

कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो, ही दुसरी अडचण. समोरचा चांगला बोलतोय, त्याला बिल कसं मागायचं? भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. गुजरीतला सराफ तुमची अंगठी तुमच्यासमोर वजनाला लावतो, तेव्हा तुम्हाला राग येतो का? धर्माचा आधार हवा असेल तर तोही आहे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत सूरह बकरामधली २८२वी आहे आणि तिचा विषय उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आहे. ज्या काळात माणसं एकमेकांना कुळासकट ओळखत होती, त्या काळात हे सांगावं लागलं. आपण तर समोरच्याचं खरं नावही ओळखत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

आधी पैशांचं. वस्तू डोळ्यांनी बघून, हातात घेऊन, तपासून झाल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. टोकन नाही, बुकिंग नाही, पार्सल नाही. 'तीन गिऱ्हाइकं रांगेत आहेत' असं कोणी म्हणालं तर त्या तिघांचं भलं होवो म्हणावं आणि फोन ठेवावा. भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी ठरवा. दसरा चौक, बिंदू चौक, एसटी स्टँड अशा जागा आपल्याला काही कमी नाहीत. एकटं जाऊ नका. मुलींनी तर घरातल्या किंवा मैत्रिणींपैकी कोणाला तरी बरोबर घेतल्याशिवाय जाऊच नये. भेटीची जागा ऐन वेळी बदलून आडबाजूला बोलावलं तर परत फिरा.

पैसे देताना यूपीआयने दिलेले बरे, कारण नोंद राहते. पण पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं जे नाव येतं, ते समोरच्या माणसाचंच आहे का बघा. 'मित्राच्या खात्यावर टाका' म्हणाला तर थांबा. आणि तुम्ही काही विकत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे घेताना कधीही पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. 'पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा' असं सांगून कित्येकांची खाती रिकामी झाली आहेत. अनोळखी माणसं पैशांची मागणी पाठवून फसवत होती म्हणून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर अशी मागणी पाठवण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून बंदही केली. क्यूआर कोड आणि लिंक मात्र अजून आहेत. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले की बँकेच्या दृष्टीने तो तुमच्याच मर्जीचा व्यवहार असतो. ते परत मिळवणं अवघड जातं.

गाडी घेताना नंबर आधी मागून घ्या आणि तो सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. गाडीचं मॉडेल, विम्याची मुदत आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते तिथे कळतं. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. ई-चलन थकलेलं आहे का तेही बघा. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि आरटीओत नाव बदल. 'सही करून देतो, नाव सवडीने कर' हे ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. म्हणून नाव बदलणं विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

कागल, गडहिंग्लज, चंदगडकडच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. निपाणी-बेळगावची केए-२२, केए-२३ नंबरची गाडी स्वस्त वाटते. पण ती कायमची इकडे आणायची तर तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ लागतो, इथला रस्ता कर भरावा लागतो आणि बारा महिन्यांच्या वर राहिली तर नंबर बदलून एमएच-०९ करावा लागतो. हा सगळा खर्च किमतीत धरून बघा. स्वस्ताई बऱ्याचदा तिथेच संपते.

मोबाइल घेताना त्यावर *#०६# दाबा. पंधरा अंकी आयएमईआय नंबर दिसेल. बिलावर आणि खोक्यावर तोच नंबर आहे का बघा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, आणि तो मेसेज १४४२२ला पाठवा, किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी ॲपवर तपासा. नंबर काळ्या यादीत, बनावट किंवा आधीच वापरात आहे असं उत्तर आलं तर तो फोन घेऊ नका. फोन हप्त्यांवर घेतलेला असेल आणि हप्ते थकले असतील तर कंपनी तो दुरून बंद करू शकते, म्हणून हप्ते फिटल्याचा कागद मागा. शेवटी विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं गूगल किंवा ॲपलचं खातं काढायला आणि फोन पूर्ण रिकामा करायला सांगा. चालू केल्यावर जुन्या मालकाचा पासवर्ड मागत असेल तर तो फोन तुमच्या काही कामाचा नाही.

आणि बिल. 'बिल हरवलंय' हे वाक्य ऐकलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: मग नको. वस्तू विक्रीचा कायदा १९३०चा आहे. त्याच्या २७व्या कलमाचा साधा अर्थ असा, की विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो तो तुम्हाला देऊ शकत नाही. चोरीचा फोन तुम्ही पूर्ण पैसे देऊन घेतला तरी तो मूळ मालकाचाच राहतो. आणि चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असून, अप्रामाणिकपणे ठेवून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चाळीस हजारांचा फोन आठ हजारांत, तोही बिलाशिवाय, म्हणजे 'पुरेसं कारण' आहे की नाही, हे उद्या दुसरं कोणीतरी ठरवणार असतं.

इथे मला मोकळेपणाने बोलायचं आहे. पोलिसांचा फोन कोणाच्याही घरी आला तरी घर हादरतं. पण आपल्या मुलाच्या हातात चोरीचा मोबाइल सापडला, तर त्याचं नाव ऐकून लोक आधीच निकाल लावून मोकळे होतात, हा आपला अनुभव आहे. ७ जून २०२३ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात काय झालं ते आपण पाहिलंय. दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. अशा शहरात आपलं सिम, आपलं व्हॉट्सॲप, आपलं खातं दुसऱ्याच्या हातात जाणं किती महागात पडू शकतं ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून जुना फोन विकताना सिम काढा, सगळी खाती बंद करा, फोन रिकामा करा, आणि मगच द्या. फोन घेताना जुन्या मालकाचं सिम किंवा चालू व्हॉट्सॲप 'राहू दे' म्हणून ठेवून घेऊ नका. तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही संचार साथीवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा. दोन्ही बाजूंनी सही केलेला एक साधा कागद करा. वस्तूचं वर्णन, आयएमईआय किंवा गाडी नंबर, किंमत, तारीख, दोघांची नावं, एक साक्षीदार. वेळ आलीच तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

अजून एक विषय आपल्या मासिकांत टाळला जातो, तो टाळू नये. एप्रिल २०२३मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांत जवळजवळ ५,००० पोलीस घेऊन छापे घातले आणि ऑनलाइन फसवणुकीच्या प्रकरणांत अनेक तरुणांना पकडलं. हा मेवातचा भाग, मुस्लिमबहुल. काही लोक याला लगेच धर्माचा रंग देतात. ते चूक आहे. ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे झारखंडच्या जामताऱ्यातही आहेत आणि परदेशांतही आहेत. पण आपण गप्प बसणं हेही बरोबर नाही. काम नाही, शिक्षण अर्धवट आणि हातात स्मार्टफोन, अशी मुलं तिथे आहेत तशी इथेही आहेत. त्यांच्यापर्यंत येणारा निरोप साधा असतो: तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील. त्या खात्यात कोणाचे तरी गाडीचे, मोबाइलचे, औषधपाण्याचे पैसे येऊन पडतात. खातं गोठतं आणि गुन्ह्यात पहिलं नाव खातेदाराचं येतं, देणारा-घेणारा सापडतच नाही. फसायचं नाही हे जसं शिकायला हवं, तसं फसवणाऱ्याचा हमाल व्हायचं नाही हेही.

यावर काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, जुनं घ्यायचंच नाही. मला ते पटत नाही. जुन्या वस्तूंमुळेच आपल्यातल्या कित्येक मुलांचं शिक्षण झालंय, कित्येकांचं दुकान उभं राहिलंय. व्याजाने पैसे काढून नवी गाडी घेण्यापेक्षा तपासून घेतलेली जुनी कधीही चांगली. तपासायला जातो तो अर्धा दिवस. इमानदार विकणारा त्या अर्ध्या दिवसाला हरकत घेत नाही. जो घेतो, त्याच्याबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळालेली असते.

आणि तरीही कोणी फसलाच तर? पहिला फोन १९३०ला करा. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यात अजून पडून असतील तर ते तिथेच रोखता येतात. म्हणून मिनिटांना किंमत आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवत असतो. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. चॅट, जाहिरात, नंबर, पावत्या यांचे स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जपून ठेवा. रागाच्या भरात चॅट उडवू नका. काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन येईल. तोही चोरच असतो.

माझ्याकडे येणारी मुलं या सगळ्यात मागे पडतात ती एकाच कारणाने. ती दोन-दोन, तीन-तीन दिवस कोणाला सांगत नाहीत. अब्बा ओरडतील, भाऊ हसतील, गल्लीत चर्चा होईल. ज्या तासाभरात पैसे थांबवता आले असते, तो तास लाजण्यात जातो. म्हणून ही शेवटची विनंती मुलांना नाही, घरातल्या मोठ्यांना आहे. पोरगा घाबरत घाबरत येऊन म्हणाला की माझे पैसे गेले, तर 'किती गेले' आणि 'कसे गेले' हे नंतर विचारा. आधी त्याच्या हातात फोन द्या आणि १९३० लावायला सांगा.